उताणा वाघ

सीटमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. आधी दाबतात. सोफा असो, खुर्ची असो, दवाखान्यातलं बाकडं असो. अंगठा रोवून बघतात, शिवणीवरून बोट फिरवतात आणि मग "हं" म्हणतात. त्या एका "हं"मध्ये फोम कसला आहे, दोरा किती जुना आहे आणि शिवणारा त्या दिवशी घरून भांडून आला होता का, एवढं सगळं येतं. यजमान पाण्याचा पेला धरून ताटकळत असतात आणि पाहुणे त्यांच्या सोफ्याखाली वाकलेले असतात.

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायची हा मास्तरांचा धंदा. दुकान म्हणजे एक शटर, एक दणकट मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि छताला टेकलेला फोम. आयुष्यात त्यांना एकच शत्रू, सुरकुती. कव्हर सीटवर चढवायचं, गुडघा रोवून ताणायचं, खालून हुक अडकवायचे; वरून तळहात फिरवला तर काही म्हणता काही लागता कामा नये. घरीही तेच. पलंगावरून कुणी उठलं रे उठलं, की हे चादर ओढायला हजर.

"उद्या माझ्या तोंडावर सुरकुत्या येतील," बायको म्हणते, "तेव्हा हुक कुठे अडकवणार ते आत्ताच ठरवून ठेवा."

बायको मोटार शिकवते. शिकवणीच्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी तिची जागा, आणि तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. इतकी वर्षं तो ब्रेक दाबून दाबून तिच्या पायाला खोडच जडली आहे. समोरचा माणूस जरा भलतीकडे वळला, की ती बँकेच्या रांगेत असो नाहीतर स्वयंपाकघरात, तिचा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. मास्तर बोलता बोलता नजर खाली टाकतात. पाय दाबलेला दिसला, की समजतात, आपण घसरलो.

दोघांचं असं बरं चाललं होतं. मग छोटीने शाळेत तोंड उघडलं.

छोटी म्हणजे यांची मुलगी, पाच वर्षांची व्हायला टेकलेली. झालं असं, की एका हौशी गिऱ्हाइकाने आपल्या गाडीला वाघाच्या पट्ट्यांचं केसाळ कापड लावून घेतलं. उरलेला तुकडा मास्तरांनी घरी आणला. छोटीने त्यावर गाल घासला आणि विचारलं, "बाबा, हे तू केलंस?" मास्तर दमून आले होते. शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "हो गं राणी, दिवसभर तेच करत होतो."

झालं! बालवाडीच्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमचे बाबा काय करतात. एकाचे टपाल वाटतात, एकीचे दात काढतात. आणि या कन्यारत्नाने छाती पुढे काढून सांगितलं, "माझे बाबा वाघ बनवतात."

वर्गात एक पोरगा होता. सगळे त्याला शंकासुर म्हणायचे, सगळ्यांत आधी त्याची आई. तो जागेवरून उठला. "वाघ कुणी बनवत नाही. वाघाला वाघीण मिळते आणि मग पिल्लू होतं. थापाडी!"

वर्गाला तो शब्द फार आवडला. डबे उघडेपर्यंत त्याला चालही लागली होती.

छोटी घरी आली ती चपला न काढता मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तू वाघ बनवतोस ना?"

मास्तरांच्या हातातली सुई थांबली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पोरीचा खालचा ओठ असा थरथरत होता, की आता उसवतोय की मग.

"बनवतो की!" मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं!"

स्वयंपाकघराच्या दारात एक पाय दाबला गेला.

"मग माझ्या वाढदिवसाला बनव. मी बोलावलंय सगळ्यांना. सगळ्यांनी प्राणी व्हायचं आणि आपला वाघ बघायचा."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला गं?" बायकोने विचारलं.

"हत्ती, बेडूक, झेब्रा, अस्वल. आणि शंकासुर."

"तो कोण होणार?"

"तो म्हणाला, आधी वाघ दाखव."

छोटी हात धुवायला गेली तशी बायको जवळ आली. "हे बघा, साधं करू या. मी कासवाचा केक करते, काकडीच्या चकत्यांचा साप करते. पोरांना कागदाचे कान, नाकावर काळा ठिपका. झाला वाढदिवस. आणि वाघाचं तिला नीट समजावून सांगा."

"कागदाचे कान?" कुणी कव्हराला टाचणी लावायला सांगावं तसे मास्तर दचकले. "माझ्या घरी? रेक्झिन पडलंय, फोम पडलाय आणि पोरांना कागद? प्रत्येकाला अंगभर शिवतो!"

"अहो, पोरं आहेत ती. सीट नाहीत."

"माप ते माप."

पाय.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं "उद्या या" ऐकून परत जायला लागली. करड्या रेक्झिनचा हत्ती, हिरवा बेडूक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा, तपकिरी अस्वल. आतून फोम, पाठीला चेन, खालून हुक. मापं आयांना फोन करून घेतली, पण चढवून बघायला पोरं कुठून आणायची? मग घरातलं पाण्याचं पिंप पुढे आलं. मास्तरांनी पिंपाला हत्ती चढवला, ताणला, तळहात फिरवला.

"बघ! आहे एक तरी सुरकुती?"

"पिंप छान दिसतंय," बायको म्हणाली. "पण ते कधी खाली बसत नाही हो."

हे मास्तरांना ऐकूच गेलं नाही. त्यांच्या डोक्यात वाघ होता. भंगारातून त्यांनी एका जुन्या मोटारीची ड्रायव्हरची सीट आणली आणि तिला ते पट्ट्यांचं कापड चढवलं. डोकं टेकायच्या उशीचं वाघाचं तोंड झालं. मोठी बटणं म्हणजे डोळे, जाड दोऱ्याच्या मिशा. सीट उभी ठेवली तर खुर्चीच दिसे, म्हणून तिची पाठ पार मागे पाडली. झोपलेला वाघ! बाजूला पाठ वर-खाली करायचा दांडा होता, तो डोळ्यांना खुपत होता. त्यालाही पट्ट्यांचं कव्हर घालून त्याचा पंजा केला. हाताला सवय, म्हणून स्प्रिंगला तेलही सोडलं. एवढ्यात कापड संपलं. छोटीच्या वाट्याला चिंध्यांचे दोन कान आणि एक शेपूट आली.

वाघ आतल्या खोलीत चादरीखाली होता. छोटीला बघायला बंदी होती.

"बाबा, तो हलेल ना?" ती दाराबाहेरून म्हणाली. "शंकासुर म्हणतो, खरा वाघ हलतो."

"झोपलाय तो. झोपेत कसा हलेल?"

"पण मी सांगितलं तर उठेल ना?"

मास्तरांनी वाघाकडे बघितलं. वाघ छताकडे बघत होता.

"उठेल," मास्तर म्हणाले.

या वेळी पाय असा आपटला, की खालच्या मजल्यावर दिवे हलले असतील.

वाढदिवसाच्या दुपारी आया पोरांना सोडून गेल्या तेव्हा ती पोरं होती. मग मास्तरांनी एकेकाला धरलं. गुडघा टेकवून, ताणून, हुक लावून चारही प्राणी ओळीने उभे केले आणि सगळ्यांवरून तळहात फिरवला. गुळगुळीत!

"बसा रे बाळांनो," बायको म्हणाली.

कुणी बसलं नाही.

"लाजताय काय? बसा की!"

"काकू," हत्ती हळूच म्हणाला, "माझे गुडघे हरवलेत."

बेडकाने हिंमत केली. वाकायला गेला तो वाकला नाही, सरळ आडवा झाला. फोम होता म्हणून लागलं नाही आणि गोल होता म्हणून थांबला नाही. घरंगळत भिंतीपर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "अजून एकदा!"

बायकोने नवऱ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही खुर्च्यांचा खेळ ठेवलाय. गाणं थांबलं की बसायचं. कोण बसणार?"

"पिंपाला तर चांगलं..." मास्तर म्हणाले.

तरी खेळ झाला. गाणं थांबलं की प्राणी खुर्च्यांना फळीसारखे तिरके टेकायचे. कुणी बाद होईना, खेळ संपेना. केक आला तर हात तोंडापर्यंत वाकेनात. पेट्रोलपंपावर गाड्या लागाव्यात तसे चौघं रांगेत उभे राहिले आणि बायको चमचा घेऊन एकेकाला भरत गेली. तेवढ्यात हत्ती म्हणाला, "काकू, शू." मग काय विचारता! चेन अडकली, हुक सापडेनात, मास्तर हत्तीमागे बसून "थांब रे राजा, एक मिनिट, थांब" करतायत आणि हत्ती एका पायावर नाचतोय. वेळेवर सुटला, एवढंच. परत आला तशी मास्तरांनी त्याला पुन्हा हत्तीत घातला.

आणि तेव्हाच बेल वाजली. दारात शंकासुर. साधा शर्ट, साधी चड्डी, भांग पाडलेला.

"तू कोणता प्राणी?" बायकोने विचारलं.

"माणूस. बाई म्हणाल्या, माणूस पण प्राणीच असतो." त्याने चौघांवरून नजर फिरवली. "वाघ कुठाय?"

छोटीने शेपूट नीट केली आणि सगळ्यांना आत नेलं. "ओरडायचं नाही. झोपलाय." आणि एका झटक्यात चादर ओढली.

"ओऽऽ!" हत्ती, झेब्रा, अस्वल एकदम म्हणाले.

शंकासुर पुढे झाला. त्याने वाघाच्या पोटावर अंगठा रोवला. मास्तर एक पाऊल मागे सरले, कारण असा अंगठा रोवणारी माणसं त्यांना ठाऊक होती.

"वाघ उताणा झोपत नाही," शंकासुर म्हणाला. "आणि ही सीट आहे. आमच्या गाडीत अशीच आहे."

"वाघ आहे," छोटी म्हणाली.

"मग उठव."

छोटी वाघाच्या कानाशी वाकली. "ऊठ."

वाघ छताकडे बघत राहिला.

"बाबा म्हणालाय, मी सांगितलं की उठशील. ऊठ ना."

"थापाडी," शंकासुर म्हणाला. मोठ्याने नाही, आपली नोंद केल्यासारखा. आणि झेब्र्याच्या ओठांवर ती चाल यायलाच लागली.

छोटीने वळून बापाकडे बघितलं. मास्तरांनी बायकोच्या पायाकडे बघितलं. पाय जागच्या जागी होता. उशीर झाला होता, आता ब्रेकचा उपयोग नव्हता.

"छोटी," मास्तर पुढे झाले, "अगं, खरं सांगायचं तर मी..."

"अजून एकदा!" मागून आवाज आला. बेडूक दारात येऊन पोचला होता. त्याने अंग सोडून दिलं, आडवा झाला आणि घरंगळत थेट वाघाच्या पंजावर जाऊन आदळला.

खटाक!

तेल दिलेली स्प्रिंग ती. सीटची पाठ खाडकन उभी राहिली, बटणांचे डोळे पुढे आले, मिशा थरथरल्या आणि वाघ सगळ्यांच्या समोर उठून बसला. काय किंकाळी फुटली! अस्वल झेब्र्यावर, झेब्रा हत्तीवर, तिघंही आडवे. शंकासुर कुठे गेला ते कुणी पाहिलंच नाही.

छोटी मात्र जागची हलली नाही. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "एवढा वेळ लागतो उठायला?" ती वाघाला म्हणाली.

कपाटामागून आवाज आला, "पण त्याच्या आत सीट आहे."

"खऱ्या वाघाच्या आत काय असतं?"

"हाडं."

"याच्या आत स्प्रिंग आहे. नाहीतर उठेल कसा?"

कपाटामागे विचार झाला. "स्प्रिंग कुणी घातली?"

"बाबाने."

"सगळा त्यानेच बनवला?"

"मग मी वर्गात काय सांगत होते!"

शंकासुर बाहेर आला. भांग विस्कटला होता. त्याने वाघाभोवती एक फेरी मारली, मास्तरांकडे वर मान करून बघितलं आणि म्हणाला, "हं."

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेला तो "हं" पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आला. त्यांना बसावंसं वाटलं.

आता प्रत्येकाला वाघावर बसायचं होतं आणि बसता तर कुणालाच येत नव्हतं. बायकोने कात्री आणून मास्तरांच्या हातात ठेवली.

"कुठे कापू?" मास्तर केविलवाणे झाले.

"जिथे माणूस वाकतो तिथे."

गुडघ्यामागे, कमरेत, कोपरात. स्वतःच्या हाताने घातलेली शिवण मास्तरांनी स्वतःच्या हाताने कापली. हत्ती पहिल्यांदा खाली बसला आणि ताण सुटलेलं करडं रेक्झिन सगळीकडून चुरगळलं. पोटावर वळ्या, गुडघ्यांवर घड्या, पाठीवर नुसतं जाळं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"अरे, आता हा खरा हत्ती दिसतो," शंकासुर म्हणाला. "हत्तीला सुरकुत्या असतात."

मास्तरांनी एक डोळा उघडला. तळहात हत्तीच्या पाठीवरून फिरवला. ताणायला हात पुढे गेला होता, तो त्यांनी तसाच मागे घेतला.

मग जी रांग लागली! छोटी पंजा ओढायची, वाघ उठायचा, पाठीला रेलून बसलेला प्राणी किंचाळत पुढे यायचा. शंकासुर रांगेत घुसायला आला तसा तिने हात आडवा केला.

"प्राणी आधी. माणूस शेवटी."

"पण बाई म्हणाल्या..."

"शेवटी."

तो गपचूप शेवटी उभा राहिला. बायकोने काजळाच्या पेन्सिलीने त्याच्या नाकावर एक काळा ठिपका काढला, कागदाचे दोन कान डोक्यावर बसवले. त्याने चालवून घेतलं. पाळी आली, वाघ उठला, तो खाली उतरला आणि निघता निघता दारात थांबला.

"काका, तुम्ही जिराफ पण बनवता?"

मास्तरांची नजर आपोआप खाली गेली. बायकोचा पाय फरशीवर दाबलेला होता, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पूर्ण जोर लावून.

"बनवतात," छोटी म्हणाली. "पुढच्या वाढदिवसाला ये."