पायाच्या चरात ऋषीची भाजी

विद्युलताबाईंच्या घरामागची जागा बघून कुणालाही वाटलं असतं, की ती देवानं घडवली नसून बिल्डरनं घाईघाईत उरकली आहे. फुटक्या विटा, सिमेंटचे घट्ट झालेले गोळे, एक तुटका कमोड आणि या सगळ्यावर पांढुरकी रेती. तांबरमच्या पलीकडे, जिथं तेव्हा बससुद्धा मनात आलं तरच यायची, तिथं हे घर उमाकांतरावांनी निवृत्त झाल्यावर घेतलं. त्याआधी तीस वर्षं नवरा-बायको चेन्नईतल्याच एका संरक्षण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिली होती.

क्वार्टरमध्ये संसार केलेल्या बाईला एक खोड लागते. लवकर हाताशी येईल तेवढंच ती लावते. पहिल्या क्वार्टरमागं विद्युलताबाईंनी हौसेनं पपई लावली. तिला फळं धरली आणि नेमकं त्याच महिन्यात यांना मोठं क्वार्टर मिळालं. पपया दुसऱ्यांनी खाल्ल्या. तेव्हापासून कोथिंबीर, मेथी आणि फार तर गवती चहा, यापलीकडे बाई कधी गेल्या नाहीत.

मनात मात्र एक गोष्ट सलत होती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्या ऋषिपंचमी करत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न फिरलेल्या परसात, हातानं लावलेलं तेवढंच चालतं. गुहागरला माहेरी आई सूप घेऊन परसात जायची आणि ते भरून आत यायची. इथं विद्युलताबाई वेस्ट मांबलमच्या बाजारातून अळू, भेंडी, पडवळ आणून भाजी करत आणि ऋषींना मनातल्या मनात सांगत, की समजून घ्या. ऋषींनी तीस वर्षं समजून घेतलं. आता स्वतःची जमीन झाल्यावर त्यांच्या चांगुलपणाचा किती फायदा घ्यायचा?

२००५ साली भाऊ हेरंबनं गुहागरहून बियांच्या पुड्या पाठवल्या. फोनवर म्हणाला, "ताई, मृग लागला की पेर." बाईंनी मृगाच्या दिवशी हळदकुंकू वाहून पेरलं. चेन्नईत त्या दिवशी कावळेसुद्धा सावली धरून बसले होते. उगवलं ते चार दिवसांत करपलं. बोअरचं मचूळ पाणी घातलं, तर उरलंसुरलं पिवळं पडलं. मग खरा पाऊस आला तो थेट ऑक्टोबरात, आणि असा आला की परसात गुडघाभर पाणी. एवढ्यावर बाई शहाण्या झाल्या असतील असं वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मृग, पुन्हा हळदकुंकू आणि पुन्हा राख.

"आता पुरे," उमाकांतराव म्हणाले. "मागं पोर्शन काढू."

पोर्शन म्हणजे दोन खोल्या आणि मोरी. चेन्नईत ज्याच्याकडे मोकळी जागा आहे, त्याला कधी ना कधी पोर्शनचं स्वप्न पडतंच. उमाकांतरावांचं म्हणणं वावगं नव्हतं. मुलगा उन्मेष मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. बायको नीलम आणि लेक ऊर्मी यांना घेऊन वेस्ट मांबलमला भाड्यानं राहत होता. मागं खोल्या झाल्या की ती तिघं इथं येणार होती. नातीसाठी खोली की अळवासाठी वाफा, यांत आजीनं काय निवडायचं? बाईंना दोन्ही हवं होतं, आणि तसं बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

नारायणस्वामी मेस्त्रीनं फक्की टाकून रेघा आखून दिल्या. कारखाना सुटल्यापासून उमाकांतरावांचे हात शिवशिवत होते. पाया मीच खणणार, असं त्यांनी जाहीर केलं. २००७ च्या त्या उन्हाळ्यात ते रोज सकाळी पहार घेऊन मागं जात आणि बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खणत. राडारोडा निघाला, खाली चांगली तांबूस माती लागली. जुलैत चर तयार झाले, आणि मेस्त्री येऊन डोकं खाजवत म्हणाला, "आता आमचा आडी महिना लागतोय, सार. आडीत कुणी पाया घालत नाही. तो संपला की आवणीत येतो."

उमाकांतराव चरफडले. चर उघडे पडले. खड्डा दिसला की त्यात काहीतरी टाकल्याशिवाय बाईंना राहवत नसे. भाजीची देठं, पालापाचोळा, गवळ्याकडचं शेण असं सगळं त्या चरांत गेलं.

भिंतीपलीकडे सीतालक्ष्मी मामी राहत. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. विद्युलताबाईंना त्या मामी म्हणत आणि बाई त्यांना मामी म्हणत. दोघींचं सगळं तमिळमध्ये चाले. एके दिवशी भिंतीवरून त्यांनी विचारलं, "मामी, यंदा तुम्ही ती पूजा केली नाहीत?"

"कसली पूजा?"

"कडक उन्हात बिया टाकायची. दोन वर्षं बघते आहे. मला वाटलं, तुमच्यात तसा नवस असतो. म्हणून मी मध्ये बोलले नाही."

हसावं की रडावं, बाईंना कळेना.

"पेरायचंच असेल तर आता पेरा की, मामी," सीतालक्ष्मी मामी म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे आडीतच पेरतात. ऊन उतरतं, संध्याकाळी सरी येतात."

जन्म या गावात काढला आणि पंचांग मात्र गुहागरचं वापरलं. विद्युलताबाईंना स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या भरातच त्या उमाकांतरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मेस्त्री येईपर्यंत चर रिकामेच आहेत ना? मी त्यांत पेरते. ऋषिपंचमीला घरच्या सगळ्यांना पुरेल एवढी भाजी यातून निघाली नाही, तर मी स्वतः सगळं उपटून देईन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आणि निघाली तर?"

"तर तुम्ही ठरवा."

त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून ऋषिपंचमी सप्टेंबरच्या मध्यावर गेली होती. पंचांगानं पहिल्यांदाच बाईंची बाजू घेतली.

चरांत ओल टिकली. माठ तरारला, भेंडी फुलली, मक्याची ताटं उमाकांतरावांच्या खांद्याला लागली. मोरीचं पाणी जाई तिथं अळूनं पानं पसरली. पोर्शनसाठी आणलेल्या सळ्या नुसत्या पडून गंजताहेत, असं म्हणत उमाकांतरावांनी त्या रोवून वर तारा ताणल्या. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला खडा बांधतात, हे कळल्यावर तर त्यांच्यातला कारखान्याचा जुना इन्स्पेक्टर जागा झाला. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून सारख्या मापाचे नट काढले आणि एकेका पडवळाला बांधले. पण पोर्शनबद्दल ते काही बोलत नव्हते, आणि बाई विचारत नव्हत्या.

ऋषिपंचमी रविवारी आली. उन्मेष, नीलम, ऊर्मी सकाळीच हजर झाली. बाई सूप घेऊन मागं गेल्या आणि भरून आत आल्या. अळू, माठ, भेंडी, पडवळ, कोवळी कणसं. चिरताना त्यांना आईची आठवण झाली आणि डोळे पुसावे लागले. पातेलं चुलीवर चढलं तोच पुढच्या दारी मेस्त्रीचा आवाज आला. आवणी संपत आला होता. पुढचा महिना पुन्हा बांधकामाला चालत नाही. आज सुरू करू या, म्हणत होता.

बाईंनी खिडकीतून मागं बघायचं नाही असं ठरवलं. डाव हातात धरून त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पावलं मागच्या दारापर्यंत आली. थांबली. मग जिन्यावर वाजली. थोड्या वेळानं वरून, मोट्टमाडीवरून, म्हणजे गच्चीवरून, उमाकांतरावांचा आवाज आला. खालचे खांब वरच्या दोन खोल्यांचं वजन घेतील का, असं ते मेस्त्रीला विचारत होते.

जेवताना उन्मेष म्हणाला, "बाबा, वर बांधायचं तर खाली एवढं खणलंत कशाला? त्याचं काय करायचं?"

"ते आधी खाऊन संपू दे," उमाकांतराव म्हणाले आणि आणखी भाजी वाढून घेतली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बैलाच्या कष्टाचं चालत नाही म्हणतेस. मग उन्हाळाभर मी पहार मारली ती कशी चालते?"

"बैल एवढी कुरकुर करत नाही," बाई म्हणाल्या, आणि नीलमला हसताना ठसका लागला.

संध्याकाळी ऊर्मी पडवळांचे नट सोडवून आजोबांच्या पेटीत मोजून ठेवत होती. विद्युलताबाई परसाच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. इथून आपल्याला आता कुणी हलवणार नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि फार बरं वाटलं.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इथं अजून एक खड्डा हवाय."

"आता कशाला?"

"आंब्याला."

"आंबा? अगं, त्याला फळ धरायला वर्षं जातील."

"जाऊ देत. आपण कुठं जाणार आहोत?"

उमाकांतरावांनी पहार उचलली.