जीवलग भांडतात तो बार

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी गाडी वाकडी करत नाही, सरळ त्याच्यावरून नेते. माझं माहेर जळगावचं, पिंप्राळ्याचं. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा सासूबाईंनी काळा दोरा बांधायला दिला होता, तो मी पडद्याला बांधला. त्यामुळे खाली लिहिलेलं कोणी मला सांगितलं असतं, तर मी हसलेच असते.

जुन्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक बार होता. नाव देत नाही, कारण जागेचे मालक अजून आहेत. आधी तिथे सरकीचं गोदाम होतं, पुढे परमिट रूम झाली. हायवे गावातून जायचा तेव्हा ट्रकवाले तिथे थांबायचे. दोन मित्रांनी मिळून तो चालवायला घेतला होता. एकाच ताटात जेवणारे, असं लोक म्हणतात. एक दिवस भरदुपारी, काउंटरपाशी, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात फुटकी सोड्याची बाटली खुपसली. का, ते आजवर कोणाला कळलं नाही. नंतर चालवणारे बदलले, पाट्या बदलल्या. पण तिथे रक्त सांडायचं थांबलं नाही. एका कॉलेजच्या पोराचा डोळा त्याच्या सख्ख्या मावसभावाने फोडला. दोन व्याही बसले होते, त्यातला एक उठलाच नाही. शेवटी शटर पडलं ते पडलंच.

हे सगळं आम्हाला समोरच्या पानटपरीवाल्या शांतारामनानांनी सांगितलं, तेही आम्ही जागा भाड्याने घेतल्यावर. माझे मिस्टर आणि माझा धाकटा दीर प्रमोद, दोघांना तिथे फॅमिली रेस्टॉरंट काढायचं होतं. शेवभाजी, भरीत-पुरी, कळण्याची भाकरी. प्रमोद म्हणाला, दारूच्या अड्ड्यावर मारामाऱ्या होणारच, नाना, त्यात भूत कशाला पाहिजे?

नाना म्हणाले, "आठे वैरी भांडत नही, भाऊ. आठे जीवलग भांडतस."

इथे म्हणे जीवलगच भांडतात. आम्ही हसलो. खरंच हसलो.

या दोघा भावांविषयी थोडं सांगायला हवं. सासरे गेले तेव्हा प्रमोद शाळेत होता. मिस्टरांनी स्वतःचं शिक्षण सोडून त्याला शिकवलं. प्रमोद त्यांना 'तुम्ही' म्हणायचा. भाऊ जेवल्याशिवाय तो जेवायचा नाही, आणि हे चारचौघांत चेष्टेचा विषय होता. दोघेही दारूला शिवत नाहीत.

आम्ही साफसफाईला लागलो. फुटक्या बाटल्यांचा तर खच होता. मी स्वतः हातमोजे घालून, कोपरा न् कोपरा झाडून, सगळी काच पोत्यात भरली आणि घंटागाडीत टाकली. फरशी धुतली. अनवाणी फिरता येईल अशी जागा केली होती... हे मुद्दाम सांगतेय.

रविवारी सकाळी जुना काउंटर काढायला घेतला. वरचा कडप्पा उचकटायला प्रमोदकडे पहार होती, मिस्टर दुसऱ्या टोकाला. मी दाराशी डबा उघडत होते. भरिताला वांगी आपल्याच गावची आणायची, असं काहीतरी दोघांचं चाललं होतं. आणि मध्येच बोलणं थांबलं.

मी वर पाहिलं तर प्रमोद भावाकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. चहा सांगावा इतक्या शांतपणे तो म्हणाला, "आते तुले सोडाव नही."

आणि पहार मिस्टरांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव भिंतीवर गेला, विटेचे तुकडे उडाले. मिस्टर पळाले नाहीत. ओरडलेही नाहीत. उरलेल्या हाताने त्यांनी प्रमोदचा गळा धरला आणि असा आवळला की त्याचे डोळे बाहेर यायला लागले. तरी त्याने पहार सोडली नव्हती, आडवी धरून तो भावाला भिंतीशी रेटत होता. दोन्ही हात पहारीवर — दोन्ही — मी पाहिलेत. आणि तेवढ्यात मिस्टरांच्या मानेतून रक्ताची चिळकांडी उडाली. प्रमोदच्या तोंडावर, माझ्या हातावर.

मी मध्ये घुसले. पहारीचा तडाखा माझ्या मनगटाला बसला, तो हात आजही नीट वळत नाही. मी मिस्टरांची कॉलर धरून ओढत होते, नाना धावत येऊन प्रमोदला कमरेतून ओढत होते. कसेबसे दाराबाहेर, पायरीखाली आलो आणि दोघांचे हात एकदम सुटले. पहार खणकन पडली. प्रमोद आमच्याकडे बघत उभा.

"वहिनी, भाऊले काय व्हयनं? इतलं रगत कसानं शे?"

रिक्षातून त्यानेच भावाला दवाखान्यात नेलं, जखमेवर स्वतःचा शर्ट दाबून. डॉक्टरांनी मानेतून काचेचा तुकडा काढला. जाड, हिरवट. जुन्या गोळीच्या सोड्याची बाटली असायची तशी काच. नस थोडक्यात वाचली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाटली कोणी मारली ते खरं सांगा. मिस्टरांनी पोलिसांना सांगितलं की कडप्पा अंगावर आला. ते खोटं आहे हे आम्हाला माहीत होतं, पण खरं काय ते दोघांनाही आठवत नव्हतं. अजून आठवत नाही.

जागा आम्ही सोडली. प्रमोद यावलला मित्राच्या केळीच्या धंद्यात गेला. मी त्याला पुन्हापुन्हा सांगते की काच तुझ्या हातात नव्हती. तो म्हणतो, मग कोणाच्या हातात होती, वहिनी?

मी काच आणि रक्तदाब आणि आघाताने होणारा विसर, सगळं वाचून पाहिलं. काहीही जुळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात प्रमोद आला तेव्हा अंगणातच उभा राहिला. मिस्टरांनी त्याला आत आणून पाटावर बसवलं, समोर टरबूज ठेवलं आणि सुरी त्याच्या हातात दिली. म्हणाले, "काप." स्वतः त्याच्या अगदी पुढ्यात बसले, शर्टाचं वरचं बटण उघडं, मानेवरचा व्रण दिसत होता. प्रमोदने कापलं. पहिली फोड भावाला दिली.

ते दोघे खात होते, बोलतही होते. मला पाणी आणायला उठायचं होतं. पण सुरी प्रमोदच्या हातात होती तोवर मी जागची उठू शकले नाही.