चालवणार कोण, हा रकाना राहिला

मी मोटारींच्या विरोधात पत्रकं लिहिते. सहा वर्षं लिहितेय. ‘फुटपाथ चालणाऱ्याचा आहे, उभ्या गाडीचा नाही’ हे वाक्य कोथरूडमधल्या कितीतरी खांबांवर मी स्वतः चिकटवलंय. खांबांवर काही चिकटवू नये हेही मला माहीत आहे. तर आमच्या घरी मध्यम आकाराची एसयूव्ही आली आणि ती निवडण्याचं काम मी केलं, हे आधीच सांगून टाकते. मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी होती ते रस्ता करून केव्हाच निघून गेले.

झालं ते असं. आई अठ्ठावन्न वर्षांची. त्यातली तीस वर्षं ती दुचाकीवर होती, तोंडाला स्कार्फ आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून. नारायण पेठेत एका मैत्रिणीच्या घरी आठवड्यातून चार दिवस ती दहावीच्या मुलांना गणित शिकवते. शिकवून झालं की मंडई, मंडईतून घर. ही फेरी तिची एकटीची होती. तिच्यात आम्ही कोणी नव्हतो, आणि तेच तिला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी एका रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला. रस्ता वर आला आणि चेंबरचं झाकण जिथल्या तिथे, वीतभर खाली राहिलं. काम बघायला आलेल्या कोणालाही ते दिसलं नाही. आईच्या पुढच्या चाकाला दिसलं. डाव्या गुडघ्यात प्लेट आणि स्क्रू घेऊन ती घरी आली. डॉक्टर म्हणाले, चाला, जिने हळूहळू चढा, पण दुचाकी विसरा. सिग्नलला थांबलं की सगळा भार डाव्या पायावर येतो, आणि तो पाय आता भार घेणार नाही.

बसची पायरी तिला चढवत नाही. नारायण पेठ म्हटलं की रिक्षावाले समोर बघत निघून जातात. मग बाबा तिला आमच्या जुन्या, छोट्या गाडीतून सोडायला लागले. त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, आणि बाहेर पडताना बाबांनी हात द्यायचा. क्लास सुटला की ती मैत्रिणीच्या दारात उभी, बाबा पेठेत जागा शोधत गोल गोल फिरतायत.

“मी कुरिअर आहे,” ती म्हणायची. “उचला, पोचवा, सही घ्या.”

आम्ही हसायचो. चार दिवसांचे दोन दिवस झाले तेव्हाही हसत होतो. मग एकदा जेवताना ती म्हणाली, “या बॅचची परीक्षा झाली की क्लास बंद करते. तुम्हालाही त्रास, मलाही.” बाबांचा घास हातातच राहिला. आई गणित सोडणार म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही नीट कळलं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं की उंच गाडी घ्यायची. सीट कमरेच्या उंचीला आली की वाकायला नको आणि चढायलाही नको, नुसतं टेकायचं आणि वळायचं. शिवाय गाडी अशी हवी की वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालेल. आईला दारात उभं ठेवून गाडीच गॅरेजात, असं व्हायला नको.

आमच्याकडे गाडी ही एकट्याची खरेदी नसते. काका लागतात. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आजवर पाच गाड्या घेतल्या, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांचे सल्लागार. ते आले, चहा घेतला, म्हणाले, “मला विचाराल तर डोळे मिटून घ्या.” आणि एका गाडीचं नाव सांगितलं.

“डोळे मिटूनच घेतलीत ना तुम्ही मागची?” आई म्हणाली.

“वहिनी, ती गाडी चांगली होती. ड्रायव्हर वाईट होता.”

“ड्रायव्हर कोण होता, भाऊजी?”

काकांनी बिस्किट बुडवलं.

डोळे मिटून काहीही घ्यायला माझा विरोध आहे. जाहिरातीवर माझा विश्वास नाही, कारण मी स्वतः पत्रकं लिहिते. आपली बाजू मांडताना आपण काय गाळतो ते मला ठाऊक आहे. मोबाइलवरच्या परीक्षणांचंही तेच. चकचकीत रस्त्यावर दोन दिवस चालवून ‘विश्वासार्ह’ म्हणणारे हे लोक कोण? विश्वास पाच वर्षांनी कळतो, आणि पाच वर्षांनी माणूस शोरूमच्या दारात नसतो, सर्व्हिस सेंटरच्या दारात असतो. तेव्हा आमच्या फुटपाथ मोहिमेत आम्ही करतो तेच मी केलं. अर्ध्या पानाचा फॉर्म छापला आणि शनिवारी सकाळी वेगवेगळ्या सर्व्हिस सेंटरांच्या गेटबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. गाडी किती वर्षांची? आज का आणलीत? आतापर्यंत मोठं काय बिघडलं? सुटा भाग यायला किती दिवस लागले?

मोहिमेतल्या मित्राने मला तिथे पाहिलं आणि ओरडला, “फुटली! कार्यकर्ती फुटली!”

“तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?” मी विचारलं.

पुण्यात माणूस आपल्या गाडीला नावं ठेवत नाही. ठेवली तर निवड चुकली असं होतं, आणि आपली निवड चुकत नसते. एक गृहस्थ म्हणाले, “गाडी उत्तम आहे. या महिन्यात तिसऱ्यांदा आलोय.” दुसरे म्हणाले, “तक्रार काहीच नाही. फक्त पावसात बंद पडते.” मी ‘काहीच नाही’ खोडून ‘पावसात बंद’ लिहिलं. चार-पाच शनिवारांत मला उत्तर ऐकण्याऐवजी माणसाच्या हातातल्या जुन्या जॉबकार्डांची, म्हणजे दुरुस्तीच्या कागदांची, जाडी बघायची सवय लागली. तोंड खोटं बोलायचं, जॉबकार्डं खोटं बोलत नव्हती.

आणि मला कळलं. ज्या गाड्यांत मोठा पडदा, छताला काच, आपोआप उघडणारं हे आणि बोलून चालणारं ते, त्या पुन्हा पुन्हा आत जात होत्या. साधं इंजिन, हाताने बदलायचे गिअर, बटणांना बटणं, अशा कंटाळवाण्या गाड्या ऑइल बदलून बाहेर. एका मध्यम एसयूव्हीबद्दल तर लोकांना सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिच्यावर बोट ठेवलं. काका म्हणाले, “हेच मी सांगत होतो,” जे ते अजिबात सांगत नव्हते.

गाडी चालवून बघायला, चाचणीच्या फेरीला, आम्ही चौघंही गेलो. विक्रेता तरुण होता, नम्र होता आणि फक्त बाबांशी बोलत होता. “सर, सनरूफचा ऑप्शन पण आहे.”

“पुण्याच्या उन्हात भोक कशाला?” मी म्हणाले.

तो मग आईकडे वळला. “मॅडम, तुम्ही मागे बसून बघा ना. पाय मोकळे राहतात. एसी पण येतो मागे.”

आई बसली. टेकली, वळली, आत. हाताला कोणाचा हात लागला नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मोहीम जिंकलीच. मलाही तसंच वाटलं. काका पुढे बसले, बाबांनी गाडी चांदणी चौकाच्या चढाला घातली. काका गिअरचं कौतुक करत होते. एवढ्यात मागून आई म्हणाली, “याला क्लच आहे?”

“आहे की. लोण्यासारखा,” काका म्हणाले. “पण वहिनी, तुम्हाला काय करायचाय क्लच?”

“तेच विचारतेय. मला काय करायचाय?”

कोणालाच कळलं नाही. मी तिच्या शेजारी होते, मलाही नाही. तिने पर्समधून लायसन्स काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दुचाकीखाली चारचाकी लिहिलेली होती. माझ्या जन्माआधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून तिने दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, आणि मुदत संपायला आली तेव्हा, गुडघ्यात स्क्रू असताना, रिक्षाने जाऊन दोन्हींची मुदत वाढवून आणली होती.

“डावा पाय क्लचचा,” आई म्हणाली. “तो गेलाय. उजवा शाबूत आहे. क्लच नसलेली गाडी मिळते ना?”

“अगं, पण मी आहे ना सोडायला,” बाबा म्हणाले.

“आहात. म्हणून तर क्लास बंद करतेय.”

बाबांनी गाडी डाव्या बाजूला घेऊन थांबवली. मी फॉर्मचा गठ्ठा उघडला. इतके शनिवार, इतके लोक, आणि माझ्या फॉर्मात एक रकाना नव्हता: चालवणार कोण? आईसाठी गाडी म्हणताना मी तिला मागच्या सीटवर ठेवूनच सगळे प्रश्न छापले होते. जे लोक रस्त्याचा आराखडा करताना चालणाऱ्याला विचारत नाहीत त्यांना मी पत्रकांतून शिव्या देते. मी आईला विचारलं नव्हतं. इतकं सरळ आहे ते.

परत आल्यावर विक्रेत्याने पावतीपुस्तक उघडूनच ठेवलं होतं. “सर, आज बुक केलीत तर दिवाळी पाडव्याला दारात. ऑटोमॅटिकला मात्र वेटिंग आहे, पाडवा गाठता येणार नाही.”

हे बाबांना लागलं. आमच्याकडची प्रत्येक मोठी वस्तू साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर आलेली आहे, मिक्सरसुद्धा. काका कुजबुजले, “दादा, ऑटोमॅटिक नाजूक असतात. आणि पाडवा सोडायचा?”

“मुहूर्त तुमचा, गुडघा माझा,” आई म्हणाली. “काय ते ठरवा.”

बाबांनी पावतीपुस्तक मिटलं आणि त्या मुलाकडे सरकवलं.

मी पुन्हा गेटवर उभी राहिले. या वेळी फक्त बिनक्लचच्या गाड्यांसाठी, आणि चालवत आलेल्यांपैकी आधी बायकांना गाठलं. वेगळंच ऐकायला मिळालं. कुठली गाडी गिअर बदलताना मान हलवते, कुठली सिग्नलच्या रांगेत रांगता रांगता तापते, कुठली चढावर मागे सरकते. एक सत्तरीच्या बाई होत्या, स्वतः चालवत आलेल्या. मी फॉर्म पुढे केला तर म्हणाल्या, “फॉर्म ठेव. आठ वर्षं चालवतेय. ब्रेकचे पॅड बदलले, बॅटरी बदलली, नवऱ्याची बडबड तेवढी बदलली नाही.” तीही मध्यम एसयूव्हीच होती; मी गाडीचं नाव लिहून घेतलं. तेच नाव मग आणखी जाड-बारीक जॉबकार्डांशी ताडून पाहिलं, आणि ते टिकलं.

त्या गाडीच्या फेरीला आई स्टिअरिंगमागे बसली. सीट वर घेतली, बॉनेटचं टोक दिसतं का पाहिलं, आरसे लावले. बाबा मागे. काकांना बोलावलंच नव्हतं. चढावर गाडी थांबवून आईने ब्रेक सोडला; गाडी मागे गेली नाही. तिने तेच आणखी दोनदा केलं, गणिताचा ताळा करावा तसं. मग म्हणाली, “ही.”

गाडी आली एका साध्या मंगळवारी. तरी बाबांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आईने सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांमधून आठवडाभर गाडी आत-बाहेर केली, वॉचमनच्या सूचना ऐकून न ऐकल्यासारखं करत. नंतर क्लासला निघाली, एकटी. बाबा गॅलरीत उभे राहिले, वळणापलीकडे काही दिसत नाही तरी. त्या दिवशी अर्धा तास फिरूनही तिला पेठेत जागा मिळाली नाही आणि मुलं वाट बघत बसली. शेवटी ती नदीकाठच्या वाहनतळावर गाडी ठेवून तिथून हळूहळू चालत गेली. चालताना फुटपाथ तीन ठिकाणी तुटलेला होता, हे तिने घरी आल्याआल्या मला सांगितलं. कुठे कुठे, तेही. ते पुढच्या पत्रकात जाईल.

दोनाचे चार दिवस झाले. जूनपासूनची नवी बॅच भरली, जाहिरात न करता.

परवा बाबांची दाढ दुखत होती. त्यांनी बराच वेळ वर्तमानपत्र वाचल्यासारखं केलं आणि मग विचारलं, “अगं, उद्या मला दाताच्या डॉक्टरांकडे सोडशील का?”

“साडेदहाला खाली या,” आई म्हणाली. “मी हॉर्न वाजवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी बाबा सव्वादहालाच गेटपाशी उभे होते, फाइल छातीशी धरून.