वादळाने गेलेली माणसं

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोला आमच्या शेजारी नागपूरचे काका-काकू राहायचे. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला; हे दोघं इथेच राहिले. काकांची फुप्फुसं पार थकलेली, ऑक्सिजनचं मशीन सतत चालू असायचं.

एका हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं आणि आमच्या सगळ्या भागातली वीज गेली. मशीन बंद पडलं. काकूंनी अडीअडचणीला ठेवलेला सिलिंडर लावला. तो संपत आला तशा त्या धावत आमच्या दारात आल्या. आम्ही अॅम्ब्युलन्स बोलावली, पण रस्ते गोठले होते, तिला यायला फार उशीर झाला. हॉस्पिटलच्या वाटेवरच काका गेले.

त्यानंतर काकू एकच बोलायच्या, "सिलिंडर जरा बेतानं वापरला असता तर पुरला असता. मीच कमी पडले." आम्ही समजूत काढायचो. त्या मान हलवायच्या, पण पटायचं नाही.

एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या असताना टीव्हीवर त्याच वादळाची बातमी लागली.

"हे डेथ टोल, डेथ टोल काय म्हणतात? टोल तर रस्त्यावर भरतात ना?" काकूंनी विचारलं.

माझी मुलगी इथेच जन्मलेली, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात काम करते. ती म्हणाली, "नो काकू, वादळामुळे किती लोक गेले, तो आकडा."

"मग त्यात हे आहेत?"

ते त्यात नव्हते. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर फक्त फुप्फुसाचा आजार लिहिला होता. मुलीने सावकाश, शब्द शोधत सांगितलं, "कोणी झाड अंगावर पडून गेला, तर डायरेक्ट. पॉवर गेली, मशीन थांबलं म्हणून गेला, तर इनडायरेक्ट. पण तोही काउंट करायचा असतो. वादळ आलं नसतं तर काका त्या दिवशी गेले नसते ना?"

काकूंनी त्याच रात्री मुलाला फोन करून हे सांगितलं.

त्याने दाखल्याच्या फेरतपासणीसाठी अर्ज केला. उन्हाळ्यात कळलं, काकांची नोंद वादळाच्या बळींमध्ये झाली. मुलीने शेजारी जाऊन सांगितलं, मीही बरोबर होते. काकू तिचा हात धरून पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या.

"वादळानं नेलं गं त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात नव्हतंच."

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आणि बाकीची माणसं कोण होती?"

मुलीला थोडंच ठाऊक होतं: बर्फावरून घसरलेला एक ट्रकवाला, ऊब मिळावी म्हणून बंद घरात शेगडी पेटवून बसलेलं आणि तिच्या विषारी वायूने गुदमरलेलं एक जोडपं. काकूंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं.