शारजातले मूकपट

लहानपणी मी शारजात सिनेमात काम करायचे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, कुठल्या? मी म्हणते, मूकपटात. मग ते माझ्याकडे निरखून बघतात आणि मनातल्या मनात माझं वय काढतात. पण गोष्ट खरी आहे. नव्वदच्या दशकात आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मूकपट बनत होते आणि त्यातली बालकलाकार मी होते.

त्याचं असं झालं. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तिथे लोखंडाच्या प्रचंड टाक्या बनायच्या. परांचीवर चढून काम करणारी माणसं रत्नागिरीची, बिहारची, केरळची, पेशावरची, बांगलादेशची. बाबा त्यांना इंग्रजीत आणि हिंदीत सूचना द्यायचे. सगळे माना डोलवायचे आणि वर गेल्यावर सेफ्टी बेल्टचा हूक न लावताच कामाला लागायचे. एकदा एक जण वरून पडला. जीव वाचला, पण एक पाय कामातून गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "मी बोलतो ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही गं."

मला ते चांगलंच कळलं, कारण माझंही बोलणं कुणापर्यंत पोचत नव्हतं. मी तोतरी होते. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची आणि अख्खा वर्ग इंग्रजीतून माझी नक्कल करायचा. हळूहळू मी बोलणंच सोडून दिलं. घरी आल्यावर शाळेतल्या गमती आईला हातवारे करून दाखवायचे आणि ती पोळ्या लाटता लाटता हसायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मल्याळी अंकल राहायचे. लग्नाचे व्हिडिओ काढणं हा त्यांचा धंदा. बाबांनी त्यांना चहाला बोलावलं आणि विचारलं, एकही शब्द नसलेली फिल्म काढता येईल का? कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल अशी? अंकल विचार करत होते आणि मी स्वयंपाकघरात आईला आमच्या स्कूलबसचा ड्रायव्हर जाममध्ये कसा वैतागतो ते करून दाखवत होते. अंकलनी ते दारातून पाहिलं.

"साब," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "ये बच्ची बिना बोले सब बोलता है. फिलिम में यही होगा."

आई घाबरली. "अहो, तिला चारचौघांत उभं राहायचीसुद्धा भीती वाटते."

बाबांनी ते हिंदीत सांगितल्यावर अंकल आईकडे वळले. तिला ते मल्याळीत 'चेची', म्हणजे ताई म्हणायचे. "बोलने का कुछ भी नहीं है, चेची. एकदम कुछ नहीं."

बोलायचं काहीच नाही, हे ऐकून मी ज्या जोरात मान हलवली, तितक्या जोरात मी आयुष्यात कशाला होकार दिला नसेल.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, शूटिंग ठरलं. आमचा हॉल म्हणजे गावाकडचं घर. "ये घर सबका घर होना मांगता," असं अंकल म्हणत राहिले, म्हणून आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, सोफा बाल्कनीत ढकलला, चटई अंथरली. मला साधा, कुठल्याच प्रांताचा न वाटणारा फ्रॉक. गोष्ट अगदी छोटी होती. बाप कामाला निघतो, मुलगी त्याच्या बेल्टचा हूक लावते आणि त्याच्या कमरेवर दोन थापा मारते. वर परांचीवर त्याला त्या थापा आठवतात आणि तो हूक अडकवतो. संध्याकाळी तो घरी येतो.

मूकपटाचा एक फायदा असा की आवाजाची पर्वा नसते. शॉट चालू असताना अंकल मोठमोठ्याने सूचना देत होते, एसी घरघरत होता, आईच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि कुणीही 'कट' म्हणत नव्हतं. इतक्या गोंगाटात मी एकटीच निवांत होते.

बापाचं काम करायला बाबांनी कारखान्यातले एक काका आणले होते. गुहागरकडचे, अंगाने मजबूत, पण कॅमेऱ्यासमोर लाकडासारखे ताठ. सकाळचा सीन कसाबसा झाला. मग घरी परत येण्याचा सीन. अंकल मला लेकीसारखी हाक मारत म्हणाले, "मोले, रोना नहीं, हँसना नहीं. सिर्फ दरवाजा देखो. जैसे पापा आज लेट है."

मी दाराकडे बघत बसले. बाबांना उशीर झाला की जिन्यातल्या पावलांकडे कान लावायचे, तसा लावला. दार उघडलं, काका आत आले आणि मी धावले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. पण त्यांनी मला एकदम उचललं, माझ्या खांद्यावर तोंड लपवलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. कुकर थांबला, आई बाहेर आली. अंकलनी कॅमेरा चालूच ठेवला.

नंतर चहा घेताना काका बाबांना म्हणाले, "माफ करा, साहेब. माजी पोर एवडीच हाय. दोन वर्सं झाली, बगितलं नाय तिला." आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाताना त्यांनी विचारलं, "एक कॅसेट गावाला धाडू काय?" पुढे ती गावी पोचली. शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर त्यांच्या मुलीने ती पाहिली आणि फोनवर रागावून विचारलं, "ती कोण?" काका म्हणाले, "ती माजी कामावरची पोर. घरची तूच." ही गोष्ट ते बाबांना पुन्हा पुन्हा सांगत.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फिल्म दाखवली तेव्हा मी नव्हते. बाबा घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. म्हणाले, "कुणी उठलंच नाही गं. फिल्म संपली तरी सगळे बसून राहिले."

ती फिल्म काय करू शकते हे मला पुढे रस्त्यात कळलं. आम्ही दुबईहून परतत होतो आणि नेहमीचा जाम लागला होता. शेजारी कामगारांची बस येऊन थांबली. खिडकीतला एक माणूस माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मी घाबरून आईचा हात धरला. त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, मग त्याने मागच्याला. आणि पहिला माणूस सीटवरून अर्धवट उठला, माझ्याकडे बघत त्याने स्वतःच्या कमरेवर दोन थापा मारल्या. बघता बघता अख्खी बस कमरेवर थापा मारत होती, दमलेली, धुळीने माखलेली माणसं, तोंडभर हसत. मीही खिडकीतून तसंच केलं. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून चेहरा पुसला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, "यल्ला, यल्ला!", चला आता, म्हणून अरबीत ओरडलं, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली.

त्यानंतर मला कामं येत गेली. दुसऱ्या कंपन्यांनी अंकलना बोलावलं. उन्हात पाणी प्या, डोळ्यांना चष्मा लावा, चालत्या मशीनमध्ये हात घालू नका. दर वेळी नवा बाप. कधी लुंगीतला, कधी सलवार-कमीजमधला. शाळेत अजूनही माझ्या नकला होत, पण आता ते तितकंसं लागत नसे. मला वाटे, तुम्हाला काय माहीत, मला कोण कोण ओळखतं ते.

मग मी वाढले. हात-पाय लांब झाले, आणि त्याच सुमाराला बोलपट आले. कंपन्यांना आता हिंदी, मल्याळम, उर्दू अशा वेगवेगळ्या आवाजांत फिल्म हव्या झाल्या. अंकलनी त्यांच्या व्हिडिओच्या दुकानात मला एक वाक्य दिलं, "पापा, संभलके जाना." पहिलाच शब्द ओठांवर अडला. त्यांनी मला पुन्हा करायला लावलं नाही. माझी कीवही केली नाही. टेबलाजवळ दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "खलास. अ‍ॅक्टिंग बहुत हुआ. अब इधर बैठो."

ती एडिटिंगची खुर्ची होती. शॉट कुठे तोडायचा, माणूस दारात किती क्षण उभा ठेवायचा, हे मी तिथे शिकले. कॉलेजची वर्षं तिथेच गेली आणि पहिली नोकरीही त्याच कामाची मिळाली. गुहागरचे काका तोवर हातीपायी धड गावी परतले होते, मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला त्यांनी बाबांना फोन केला होता.

काही काळाने अंकलनीही दुकान बंद करून केरळला परत जायचं ठरवलं. आम्ही तिघं त्यांना सोडायला एअरपोर्टवर गेलो. बाबांनी गळाभेट घेतली, आईने चिवड्याचा डबा दिला. माझी पाळी आली. "अंकल, आपने मुझे" इथवर नीट आलं आणि पुढे अडलं. मागे रांग होती, ट्रॉल्या होत्या. अंकलनी बॅग खाली ठेवली, माझ्याकडे पाहत थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती. मला बराच वेळ लागला, पण मी ते वाक्य पूर्ण केलं.