साकीउसाने मागितलेला एक तास

साकीउसा माझा मामेभाऊ. आमच्याकडे आतेभाऊ-मामेभावांनी एकमेकांची टिंगल करायचीच असते. नाही केली तर लोक विचारतात, भांडण झालंय का? तो आपला वाटा चोख उचलायचा. "आत्याचं दूध प्यायलास, जीभ मात्र तिच्याकडेच राहिली," असं चारचौघांत म्हणायचा आणि मी हसून खाली बघायचो. त्याच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा कोणी बरा माणूस हवा होता. पण तो आता नाही, आणि त्या दुपारची गोष्ट दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

सुवा या आमच्या बेटांच्या राजधानीतल्या समुद्री केबल स्टेशनात आम्ही दोघांनी सारी नोकरी काढली. तो लाव बेटांवरच्या सरदार घराण्यातला, म्हणून सगळे त्याला 'रातू' म्हणत. तो बसलेला असला की शेजारून जाणारा वाकून जाई. त्याला कोणी चूक दाखवत नसे. तशी वेळही क्वचितच यायची.

त्याचं खरं कसब हिशेबाचं. लाइनवाले बिट मोजतात, डिस्कवाले बाइट. आठ बिटांचा एक बाइट. बाहेरून आलेला भला भला माणूस इथे ठेचकाळायचा. साकीउसा चहा ढवळता ढवळता उत्तर सांगायचा.

दोन हजार एक साल. नवी प्रकाशाची केबल, म्हणजे ऑप्टिकल फायबर, येऊन फार दिवस झाले नव्हते. रेडिओ केंद्राच्या संग्रहात बेटाबेटांवरची गाणी, वंशावळ्या, म्हाताऱ्यांच्या गोष्टी होत्या. गाणारे बहुतेक सगळे गेलेले. हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरच्या चार डिस्कांवर होतं. चौथीवर साकीउसाचं बेट होतं, आणि त्यात त्याच्या आजीचा आवाज. डिस्क घरघरत होत्या. तपासणारा म्हणाला, "एकदा थांबल्या की पुन्हा फिरतील असं धरून चालू नका." सिडनीचं एक विद्यापीठ सगळं उतरवून घ्यायला तयार झालं. शनिवारी सेकंदाला एकशे पंचावन्न मेगाबिटची लाइन फुकट मिळणार होती. ती किती वेळ हवी ते शुक्रवारी चारपर्यंत कळवायचं. उरलेला वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार.

शुक्रवारी तीनला आम्ही यंगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं पेय, प्यायला चटईवर बसलो होतो. साकीउसाने हिशेब मांडला.

"एकशे पंचावन्नला आठाने भागा. सेकंदाला एकोणीस मेगाबाइट. चार डिस्कांचे मिळून छत्तीस हजार. अर्ध्या तासात काम फत्ते. आपण एक तास मागू. फुकटचं आहे म्हणून हावरटपणा नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कॉम्प्युटर विभागातली मेरेसेइनी माझ्या शेजारी होती. ती कुजबुजली, "इली काका, चारही डिस्क एकाच वायरीवर आहेत. ती जुनी वायर फार तर सेकंदाला पाच मेगाबाइट देते. लाइन रुंद असून काय उपयोग?"

"मग सांग ना त्याला."

"मी? रातूंना? तुम्ही सांगा. तुम्हाला मुभा आहे."

मी बोटांवर मोजलं. छत्तीस हजार भागिले पाच, सात हजार दोनशे सेकंद, म्हणजे दोन तास. एका तासात निम्मं जाणार आणि चौथी डिस्क इथेच राहणार. तीनदा मोजलं. साकीउसा चुकला यापेक्षा मी चुकलो हेच मला पटण्यासारखं होतं. पण मग उमगलं. आमची सारी हयात अरुंद लाइनीवर गेली. दोन्ही टोकांची यंत्रं लाइनीची वाट बघत बसायची. म्हणून आम्ही फक्त लाइनच मोजायला शिकलो. लाइन रुंद आणि यंत्र अरुंद, असं कधी घडलंच नव्हतं.

चारला दहा कमी असताना त्याने निरोप लिहायला घेतला. तेवढ्यात यंगोनाची करवंटी माझ्यापुढे आली. मी ती संपवली आणि म्हणालो, "साकी, तुम्हा लाववाल्यांचं हे असंच. जहाज आणलंत डोंगराएवढं, आणि माल चढवायला फळी टाकलीत वीतभर."

माझा आवाज चिरकला. मग कोणीतरी फिसकन हसलं.

"अरे, मुका बोलला!" साकीउसा म्हणाला. "कुठली फळी रे?"

"डिस्कची वायर. पाच मेगाबाइट. पाचाला आठाने गुण."

"चाळीस," तो सवयीने म्हणाला आणि थांबला. एकशे पंचावन्नाच्या लाइनीत चाळीस. त्याचे कान लाल झाले. मग त्याने कागद फाडला. "चार तास लिही," तो मेरेसेइनीला म्हणाला. "हावरट म्हणाले तर म्हणू देत."

शनिवारी डिस्क पाचानेही चालल्या नाहीत. एक तास झाला तेव्हा दुसरी निम्मीही झाली नव्हती. साकीउसाने घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची यंत्राजवळ ओढली. चौथी डिस्क कण्हल्यासारखा आवाज करत होती. पावणेतीन तास उलटून गेल्यावर सिडनीहून निरोप आला: सगळं पोचलं, ताळा जुळला.

त्याने स्वतः बटण बंद केलं. कण्हणं थांबलं. खोलीत आम्ही तिघेच होतो.

"तुला कालच कळलं होतं," तो मेरेसेइनीला म्हणाला.

"हो, रातू."

"आणि हा बोलला नसता तर?"

ती डिस्कची वायर सोडवायला वाकली. मीही. कारण चारला दहा कमी होईपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

"पुढच्या वेळी तू बोल," तो म्हणाला. "मी रागावेन. तरी बोल."