जर्मनचा कीस

माझा उजवा डोळा वाचला तो मावशीमुळे. नात्यातली नव्हे; देवळीच्या बसस्टँडजवळ तिची चहाची टपरी होती, तिथं मी चहाला जायचो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या रडगाण्यात राहून जायचं.

शाळा आठवीतच सुटली होती. कोल्हापूरकडचं काम बंद पडलं आणि पंचविशी उलटल्यावर मी पार इकडं, देवळीत, एका छोट्या वर्कशॉपात लेथवर येऊन पडलो. तिथं पांढऱ्या, हलक्या धातूला सरसकट 'जर्मन' म्हणत. घरातलं पातेलं जर्मनचं, तसा कापायला आलेला मालही जर्मनचाच. मॅग्नेशियम म्हणून वेगळा धातू असतो, त्याचा कीस, म्हणजे लेथवर कापताना निघणारा चुरा, पेटतो, आणि पेटल्यावर पाणी पडलं की आणखी भडकतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लेथखालच्या घमेल्यात तोच कीस साठला होता. त्यात ग्राइंडरची ठिणगी पडली आणि तो पेटला.

"जर्मन तर आहे, काय होते?" म्हणत शेजारच्या कारागिरानं पाण्याची बादली ओतली. मी घमेलं ओढायला वाकलो होतो.

पांढरा लख्ख उजेड झाला. मग काहीच दिसेना.

वर्ध्याच्या दवाखान्यात मावशीनं नेलं, बसमधून. वाटेत सांगत होती, "तिथं नातेवाईक मागतात. माह्या बहिणीचा पोरगा व्हय म्हणून मी सांगतो. तू मुका राहाजो. तुई बोली आयकली तर म्हणतीन, हे कुठचं भाचं धरून आणलं." तसल्या हालतीतही मला हसू आलं, आणि सोललेला गाल ताणला.

डावा डोळा गेला. उजव्यानं दिसतं ते ओल्या काचेतून दिसावं तसं. मापाच्या रेघा दिसत नाहीत, म्हणजे लेथ संपला. आता मला कीस निवडायला बसवलंय: लोखंड वेगळं, पितळ वेगळं, ते जर्मन कोरड्या डब्यात, झाकण लावून. झाकण उघडताना अजून तोंड बाजूला करतो. घरी काही कळवलेलं नाही. कळवून तरी काय.

मी पट्ट्यांत पडलो होतो तोवर मावशी दवाखान्यात माझ्यापाशी होती, म्हणून टपरी बंद राहिली. त्या जागेवर दुसऱ्यानं हातगाडी लावली. मावशी आता लोकांकडे भांडी घासते. मी विषय काढला की म्हणते, "काऊन जीव जाळून राह्यला? भाचा म्हटलं ना तुले."

कसं जमेल ते मला दिसत नाही. पण मावशी, तुझी टपरी मी पुन्हा उभी करून देईन, एक ना एक दिवस.